एका पॉइंटचे तास किती, आणि एक ऑगस्टचे काय?

रत्नागिरीतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत टीमलीड असलेल्या तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची सहा जणांची टीम एका मच्छीमार सहकारी संस्थेसाठी प्रणाली तयार करत आहे. बंदरावर उतरलेल्या मासळीची नोंद, लिलाव, नौकामालक आणि खलाशी यांच्या वाट्याचा हिशोब आणि डिझेल परताव्याची कागदपत्रे एवढी कामे तिच्यातून व्हायची आहेत. मासेमारीबंदी संपून १ ऑगस्टला नौका समुद्रात जातील तेव्हा सगळे सुरू झालेले असावे, असे संस्थेला तोंडी सांगून झाले आहे. दोन आठवड्यांचे आठ स्प्रिंट (कामाचे ठरावीक लांबीचे टप्पे) झाले असून त्यांत अनुक्रमे ४, ७, ५, ३, ८, २, ५ आणि ६ स्टोऱ्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेप्रमाणे पाडलेली छोटी कामे, पूर्ण झाल्या आहेत; ३६ शिल्लक आहेत. नवा स्प्रिंट ६ एप्रिलला सुरू होईल. कंपनीच्या मालकांनी एक तक्ता केला आहे आणि त्यात एक स्टोरी पॉइंट (स्टोरी किती मोठी याचे टीमने अंदाजाने दिलेले माप) म्हणजे सहा तास असे धरले आहे. त्या हिशोबाने प्रत्येक स्प्रिंट तोट्यात दिसतो. सहाऐवजी किती तास धरावेत आणि १ ऑगस्टला होकार कायम ठेवावा का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: किती तास धरावेत हे ठरवूच नका. सहाच्या जागी आठ घातल्याने तक्ता काही दिवस बरा दिसेल आणि मग पुन्हा तोट्यात जाईल, कारण चूक त्या आकड्यात नाही. स्टोरी पॉइंट ही कल्पना कोठून आली ते पाहिले म्हणजे कारण लक्षात येते. १९९०च्या दशकात अमेरिकेत सॉफ्टवेअर तयार करण्याची एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही पद्धत आकार घेत होती तेव्हा त्या टीम 'आदर्श दिवस' या मापाने अंदाज करत, म्हणजे कोणी मध्येच हाक मारली नाही, बैठक लागली नाही, तर हे काम किती दिवसांचे, असा हिशोब. प्रत्यक्षात आदर्श एका दिवसाच्या कामाला सुमारे तीन दिवस लागत आणि व्यवस्थापक साहजिकच विचारत की एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का. या रोजच्या कटकटीतून सुटण्यासाठी 'दिवस' हा शब्द काढून 'पॉइंट' हा शब्द आणला गेला, असे त्या मंडळींपैकी रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिले आहे. ही कल्पना कदाचित आपलीच असावी आणि तसे असेल तर आपल्याला तिचा खेद वाटतो, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे जे माप वेळेपासून अंतर ठेवण्यासाठी काढले, त्याला तुमच्या तक्त्याने सहाने गुणून पुन्हा वेळेच्या खुंटीला बांधले आहे.

याचा दुसरा परिणाम अधिक नुकसान करणारा असतो. पॉइंटला तासांचा भाव मिळाला की पॉइंट देणारा सावध होतो. काल तीनचे वाटलेले काम आज पाचचे वाटू लागते. त्यात कोणाची लबाडी नसते. स्प्रिंटच्या शेवटी उत्तर द्यावे लागणाऱ्या माणसाचा तो स्वाभाविक बचाव असतो. दोन-तीन महिन्यांत पॉइंट फुगतात, वेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) वाढलेली दिसते आणि काम मात्र तेवढेच होत राहते. मी पुण्यात होतो तेव्हा एका मोठ्या प्रकल्पात हे वर्षभर पाहिले. आलेख चढता होता, ग्राहक चिडलेला होता आणि या दोन गोष्टींची गाठ कोणालाच घालता येत नव्हती.

मग पॉइंट कशासाठी? माझ्या मते अंदाजाच्या बैठकीचा खरा उपयोग आकडा काढण्यासाठी नसून मतभेद बाहेर काढण्यासाठी आहे. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये प्लॅनिंग पोकरची पद्धत मांडली: स्टोरीला किती पॉइंट द्यावेत याचा आकडा असलेला पत्ता प्रत्येकाने पालथा टाकायचा. तिचे मर्म सर्वांनी पत्ते एकाच वेळी उलटण्यात आहे, कारण एकाने आधी आकडा उच्चारला की बाकीचे त्याच्याच आसपास फिरतात. आमच्याकडे आंबा बागायतदारांच्या एका गटासाठी काम चालू असताना 'पेटीची नोंद' अशी एक साधी दिसणारी स्टोरी आली होती. चौघा डेव्हलपरांचे पत्ते २ आणि ३ असे पडले. टेस्टिंग करणाऱ्या मुलीने १३ टाकला. सगळे हसले. तिच्या घरची कलमे होती. तिने विचारले, "पेटी म्हणजे किती डझन?" फळाच्या आकाराप्रमाणे कधी चार, कधी पाच, कधी सहा डझन, शिवाय वाशीला पाठवलेल्या पेट्या आणि दलालाकडून आलेल्या हिशोबपट्टीवरच्या पेट्या जुळतीलच असे नाही, वाटेत फळ डागते, पट्टीत आडत, हमाली आणि भाडे वजा होऊन येते आणि बागायतदाराचा खरा प्रश्न त्या वजावटीचाच असतो. दहा मिनिटांत त्या एका स्टोरीच्या पाच झाल्या आणि त्यांतल्या दोन आम्ही त्या हंगामासाठी सरळ बाजूला ठेवल्या. १३ हा आकडा पुढे कोणी वापरला नाही. तो विचारलेला प्रश्न मात्र कामी आला. तुमच्या टीममध्ये बंदरावर वाढलेले कोणी असेल तर पत्ते उलटल्यावर त्या व्यक्तीला आधी बोलू द्या, पदाने ती कितीही धाकटी असली तरी.

तेव्हा पॉइंट ठेवायचे असतील तर ते बैठकीच्या खोलीतच राहू द्यावेत आणि तारखेचा अंदाज झालेल्या कामावरून काढावा. तुमच्याकडे आठ स्प्रिंटचे आकडे आहेत, ही लहान गोष्ट नव्हे. अनेक मोठ्या कंपन्यांच्या टीमकडे एवढी स्वच्छ नोंद नसते. स्टोऱ्या नुसत्या मोजून चालेल का, लहान-मोठ्या असतात त्यांचे काय, अशी शंका येईल. कोणतीही स्टोरी साधारण तीन-चार दिवसांपेक्षा मोठी वाटली की ती फोडायची एवढा एक दंडक पाळला, तर उरलेला लहान-मोठेपणा बेरजेत बराचसा मिटतो. 'पूर्ण' याचा अर्थ मात्र टेस्टिंग होऊन, संस्थेच्या माणसाने पाहून, प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीत गेलेली स्टोरी असाच ठेवा. 'फक्त टेस्टिंग राहिले आहे' अशी स्टोरी मोजणे म्हणजे जाळ्यात दिसणारी मासळी तराजूत धरणे होय.

आता आकडे पाहू. आठ स्प्रिंटमध्ये एकूण ४० स्टोऱ्या, म्हणजे सरासरी ५. ३६ भागिले ५ केले की सव्वासात येते आणि बहुतेक लोक येथे थांबून 'आठ स्प्रिंट' असे सांगून मोकळे होतात. सरासरीवर तारीख देणे धोक्याचे आहे, कारण सरासरी ही साधारण निम्म्या वेळा चुकणारच. त्याऐवजी असे करा: आठ चिठ्ठ्यांवर हे आठ आकडे लिहून त्या एका डब्यात टाका. एक चिठ्ठी काढा, आकडा लिहून घ्या, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा आणि पुन्हा काढा. सात वेळा काढलेल्या आकड्यांची बेरीज म्हणजे पुढच्या सात स्प्रिंटचे एक संभाव्य भविष्य. हेच काही हजार वेळा केले की किती वेळा ३६चा टप्पा ओलांडला ते कळते. डबा हातात घेऊन पाच-दहा वेळा करून पाहावे, त्याने मालकांनाही पद्धत समजते. बाकीचे स्प्रेडशीटमधील यादृच्छिक आकड्यांच्या सूत्राने काही क्षणांत होते. मोठ्या पुस्तकांत याला मॉन्टे कार्लो म्हणतात.

तुमच्या आकड्यांवर उत्तर असे येते: सात स्प्रिंटमध्ये ३६ स्टोऱ्या संपण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमी, आठ स्प्रिंटमध्ये सुमारे ८० टक्के आणि नऊमध्ये सुमारे ९५ टक्के. ६ एप्रिलपासून जुलैअखेर आठ स्प्रिंट आणि वर एक आठवडा बसतो. शेवटचा स्प्रिंट संस्थेच्या कर्मचाऱ्यांना शिकवणे, जुन्या नोंदी भरणे आणि ऐन वेळी सापडणाऱ्या चुका यांतच जाईल, म्हणून बांधकामासाठी सातच धरा. म्हणजे आज तुम्ही 'सगळे १ ऑगस्टला' असे म्हणत असाल, तर नाणे उडवून देत आहात आणि तेही किंचित तुमच्या विरुद्ध झुकलेले.

यावर दोन गोष्टींची भर घातली पाहिजे. तुम्ही लिहिले आहे की सहाव्या स्प्रिंटमधील २ हा आकडा शिमग्यामुळे आला, म्हणून तो हिशोबातून काढावा का. काढू नका. शिमगा पुन्हा मेमध्ये येणार नाही हे खरे, पण मेमध्ये घरोघरी लग्ने आणि मुंबईचे पाहुणे असतात, जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर वीज जाते, मुलांच्या शाळा सुरू होतात आणि कोणाच्या तरी घराची कौले फुटतात. दर चार महिन्यांत एक वाईट पंधरवडा येतो, एवढेच तो २ सांगतो आणि ते खरे आहे. उलट डब्याच्या पद्धतीत एक दोष आहे: ती प्रत्येक पंधरवडा स्वतंत्र धरते, पण पावसाळ्यातले वाईट पंधरवडे एकमेकांना धरून येतात. म्हणून निघालेली टक्केवारी थोडी कमीच मानावी.

दुसरी भर नव्या कामाची. शिल्लक ३६ हा आकडा स्थिर नाही. मागील आठ स्प्रिंटमध्ये बॅकलॉगमध्ये (शिल्लक कामांच्या यादीत) किती नव्या स्टोऱ्या शिरल्या ते मोजा. तुम्ही तो आकडा दिलेला नाही. माझ्या अनुभवात अशा कामात दर स्प्रिंटला निदान एक तरी नवी स्टोरी येते आणि ती बहुधा टाळता न येणारी असते. तसे धरले तर पाचपैकी चारच जुन्या यादीतून कमी होतात आणि सरासरीनेही नऊ स्प्रिंट लागतात. बहुतेक टीमचे अंदाज चुकतात ते काम संथ झाल्यामुळे कमी आणि या गळतीकडे न पाहिल्यामुळे अधिक.

तारीख हलत नाही, माणसे तेवढीच आहेत. मग हलणार ते काम. प्रश्न उलटा विचारा: सात स्प्रिंटमध्ये दहापैकी नऊ वेळा किमान किती स्टोऱ्या पूर्ण होतील? तुमच्या आकड्यांवर उत्तर २९ येते. त्यातून नव्याने येणाऱ्या ७ स्टोऱ्या वजा केल्या की आजच्या यादीतील २२ उरतात. पहिल्या २२ स्टोऱ्या १ ऑगस्टसाठी खात्रीच्या, पुढच्या सहा-सात झाल्या तर झाल्या, आणि उरलेल्या नंतर. संस्थेच्या सचिवांसमोर यादी क्रमाने लिहून या दोन रेघा ओढा आणि त्यांना हवी ती स्टोरी वर घेऊ द्या; फक्त एक वर गेली की एक खाली गेली पाहिजे. मला वाटते की या बैठकीत वाट्याचा हिशोब वर राहील आणि रंगीत आलेखांचे पान खाली जाईल, पण ते त्यांनी ठरवावे.

एवढ्यावर थांबलो असतो, परंतु तुमच्या योजनेत एक मोठी अडचण आहे आणि ती आकड्यांत दिसत नाही. आपल्याकडे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. म्हणजे जून आणि जुलै हे दोन महिने मिरकरवाड्याच्या जेटीवर त्या नौकांची मासळी उतरणार नाही, लिलाव होणार नाही आणि खलाशी आपापल्या गावी गेलेले असतील. तुमची प्रणाली ज्या गोष्टीसाठी आहे ती गोष्टच त्या काळात घडत नाही. तुम्ही जुलैत 'तयार' म्हणाल तेव्हा ती फक्त तुमच्या कार्यालयातील बनावट नोंदींवर चाललेली असेल आणि खरा लिलाव तिला पहिल्यांदा भेटेल तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, वर्षातील सर्वांत गर्दीच्या दिवशी, ओल्या हातांनी फोन धरलेल्या माणसाकडून, चारी बाजूंनी बोली चालू असताना. कोणत्याही स्प्रिंटमध्ये एवढी जोखीम शेवटी ठेवू नये.

म्हणून पहिला रिलीज १ ऑगस्टला नव्हे, मेच्या मध्यावर करा. ६ एप्रिलपासून तीन स्प्रिंट १५ मेला संपतात आणि बंदी सुरू होण्यापूर्वी प्रत्यक्ष बंदरावर वापरायला दोन आठवडे मिळतात. तीन स्प्रिंटमध्ये दहापैकी नऊ वेळा ११ स्टोऱ्या होतील, नव्या ३ वजा जाता ८. आठ स्टोऱ्यांत काय बसेल? एका नौकेची मासळी उतरली, लिलाव झाला, खरेदीदाराच्या नावे रक्कम पडली, मालकाला संध्याकाळी हिशोब दिसला. एवढी एकच वाट, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. डिझेल परतावा नाही, अहवाल नाहीत, पासवर्ड विसरल्याची सोय नाही. पासवर्ड विसरला तर तुम्हाला फोन करू द्या. दोन-तीन नौकामालक तयार करा, वही चालूच ठेवायला सांगा आणि रोज संध्याकाळी वही व प्रणाली यांतील फरक लिहून काढा. त्या फरकांची यादी म्हणजे जून-जुलैचे काम.

असे टप्पे पाडण्याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. कोकण रेल्वेचे काम १९९० मध्ये सुरू झाले आणि सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ला खुला झाला. मात्र दक्षिणेकडे मंगळूर ते उडुपी आणि उत्तरेकडे रोहा ते वीर या टप्प्यांवर १९९३ मध्येच गाड्या धावू लागल्या होत्या. शेवटपर्यंत अडवून धरले ते पेडण्याच्या बोगद्यासारख्या मऊ मातीतल्या कामांनी, जेथे कातळ फोडण्याचा अनुभव उपयोगी पडत नव्हता. मऊ माती कोठे लागेल हे खणल्याशिवाय नीट कळत नाही. तुमच्या यादीतील मऊ माती, मला वाटते, वाट्याच्या हिशोबात आहे. मालक, तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांच्यातील वाटणीचे नियम नौकेगणिक निराळे असू शकतात, आगाऊ उचल त्यातून वळती होते आणि हे कोठेही लिहिलेले नसते. या भागाला आज पाच म्हणा किंवा तेरा म्हणा, दोन्ही मनाचे आकडे आहेत. सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणारे बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये मांडले होते की प्रकल्पाच्या अगदी आरंभी केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या एक चतुर्थांशापासून चौपटीपर्यंत कोठेही असू शकतो. मोहोर पाहून बागेचा खंड ठरवणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. अंदाज करत बसण्यापेक्षा एका माणसाला दोन दिवस तीन नौकांच्या वह्या घेऊन बसवा, तीन वेगळ्या पद्धती कागदावर उतरवा आणि मग पत्ते टाका. हे एप्रिलच्या पहिल्याच स्प्रिंटमध्ये झाले पाहिजे.

मालकांनी जूनमध्ये दोन शिकाऊ मुले देण्याची तयारी दाखवली आहे असे तुम्ही म्हणता. घ्या, पण ऑगस्टसाठी नव्हे. उशिराने चाललेल्या कामात माणसे वाढवली की ते आणखी उशिरा होते, हे सॉफ्टवेअर प्रकल्पांवर लिहिणारे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहिले आणि सहा जणांच्या टीममध्ये तर दोन नवी माणसे शिकवायला एक जुने माणूस पूर्ण जाते. एप्रिलमध्ये मिळत असतील तर गोष्ट वेगळी.

मालकांशी बोलताना शब्द जपून वापरा. अंदाज आणि शब्द देणे यांत आपल्याकडे फारसा फरक केला जात नाही. 'बघतो, होईल' हे समोरच्याच्या कानी वचन म्हणूनच पडते. स्प्रिंटने काम करण्याच्या स्क्रम या पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही स्प्रिंटच्या कामाबद्दल 'कमिटमेंट' (वचन) हा शब्द होता, तो २०११ मध्ये काढून 'फोरकास्ट' (अंदाज) असा करण्यात आला, यावरून हा गोंधळ केवळ आपला नाही हे कळेल. तेव्हा एकच आकडा मागितला तर आकडा द्या, पण त्याच्याबरोबर शक्यता सांगा: "या २२ गोष्टी १ ऑगस्टला असतील, दहापैकी नऊ हिश्शांनी, सगळ्या ३६ हव्या असतील तर गणपतीनंतर." यंदा गणपती सप्टेंबरच्या मध्यावर आहेत आणि त्या पंधरवड्यात कोकणातल्या कोणत्याही टीमच्या चिठ्ठीवर शून्य लिहावे, म्हणून दुसरा रिलीज एकतर त्याच्या दहा दिवस आधी किंवा थेट ऑक्टोबरात ठेवा. आधी-नंतरच्या मधल्या तारखा कागदावरच राहतात.

तासांच्या तक्त्याबद्दल भांडण काढू नका. त्यातला पॉइंटचा रकाना लपवा आणि त्या जागी दोन रकाने घाला: या स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या स्टोऱ्या आणि नव्याने आलेल्या स्टोऱ्या. दर दुसऱ्या शुक्रवारी हे दोन आकडे भरले की डब्यात एक चिठ्ठी वाढते आणि दोन्ही रेघा पुन्हा ओढता येतात. दहा मिनिटांचे काम आहे. १५ मेला एकाही नौकेचा लिलाव प्रणालीतून झाला नसेल, तर त्याच संध्याकाळी संस्थेच्या सचिवांना भेटून २२ची यादी कमी करून घ्या. त्या वेळी त्यांच्या हाती वही चालू ठेवण्याची तयारी करायला अडीच महिने असतील. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सांगितले तर सहा दिवसही नसतील.